बेंजो: उसने नाव, वाढवलेला आवाज

वाद्यांचा इतिहास लिहिताना आपल्याकडे एक संकेत नकळत पाळला जातो. वीणा, सारंगी, पखवाज, फार तर हार्मोनियम, अशी घराणी आणि मैफली असलेली वाद्ये इतिहासात येतात; संबळ, तुतारी, हलगी, घुमट यांची रवानगी लोकसाहित्याच्या प्रकरणात होते. या दोन्ही रकान्यांत न बसणारे वाद्य मात्र कुठेच नोंदले जात नाही. बेंजो हे असे वाद्य आहे. कोळीवाड्यातील हळदीत, कोकणातल्या लग्नाच्या वरातीत, भीमजयंतीच्या आणि गणपतीच्या मिरवणुकीत त्याचा धातूसारखा, किंचित फाटलेला आवाज महाराष्ट्रातल्या बहुतेकांनी ऐकला आहे. त्याला शास्त्र नाही म्हणून ते संगीताच्या ग्रंथांत नाही, आणि ते पुरेसे जुने नाही म्हणून लोकवाद्यांच्या कोशातही त्याला अंग चोरूनच बसावे लागते.

प्रस्तुत लेखात या वाद्याच्या विद्युत-जीवनाचा, म्हणजे पिकअप, इफेक्ट आणि ध्वनिवर्धक यांच्या साखळीचा, इतिहास मांडण्याचा प्रयत्न आहे. अमेरिकन वाद्यासाठी 'बँजो' आणि आपल्याकडच्या वाद्यासाठी 'बेंजो' अशी दोन रूपे सोयीसाठी वापरली आहेत. ही दोन वाद्ये एक नाहीत, आणि हा नावाचा घोटाळा इतिहासाचाच भाग आहे.

१

बेंजोचे शरीर जपानी आहे. १९१२ साली, तैशो राजवटीच्या पहिल्या वर्षी, नागोया शहरात गोरो मोरिता यांनी एक छोटे तंतुवाद्य तयार केले. लाकडी पेटीवर ताणलेल्या तारा, त्यांच्याखाली पडदे, आणि तारांवर टंकलेखन यंत्रासारख्या कळांची रांग. डाव्या हाताने कळ दाबली की तार पडद्यावर टेकते आणि स्वर ठरतो. उजव्या हातातल्या नखीने तार छेडायची. 'तैशो' या राजवटीच्या नावाला 'कोतो' हे जपानी वाद्याचे नाव जोडून 'तैशोगोतो' असे त्याचे बारसे झाले. स्वरस्थान शोधण्याची, वर्षानुवर्षे बोटे घासण्याची अट यात नव्हती. ज्याच्याकडे गुरू नाही, वेळ नाही आणि पैसाही बेताचाच आहे, अशा माणसासाठी हे वाद्य होते.

या कळांकडे साहित्याच्या अभ्यासकाने जरा थांबून पाहावे. टंकलेखन यंत्राने लेखनातून हस्ताक्षर काढून घेतले. त्याबदली कोणालाही सारखेच स्वच्छ अक्षर दिले. तैशोगोतोने वादनातून बोटांची तालीम काढून घेतली आणि कोणालाही सारखाच नेमका स्वर दिला. जे गमावले तेही दोन्हीकडे सारखेच आहे. हस्ताक्षराचे वळण गेले, तशी मींड गेली.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे वाद्य आशियाच्या बंदरांतून फिरले. झांझिबारच्या किनाऱ्यावर ते ताराब संगीतात शिरले. बलुचिस्तानात 'बेंजू' या नावाने ते इतके रुजले की आज ते बलुची संगीताचे स्वतःचे वाद्य मानले जाते. भारतात त्याला दोन नावे मिळाली. एक 'बुलबुल तरंग'. जलतरंगाच्या धर्तीवर घडवलेले, उर्दूचा सुगंध असलेले, दुकानाच्या पाटीवर शोभणारे नाव. दुसरे 'बेंजो'. पहिले नाव कागदावर राहिले, दुसरे रस्त्यावर चालले.

हे दुसरे नाव त्याहून लांबून आले आहे. मूळचा बँजो पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेल्या गेलेल्या लोकांनी कॅरिबियन बेटांवर आणि अमेरिकेत घडवला. भोपळ्यावर कातडे ताणून, त्यातून लांब दांडी काढून केलेले ते वाद्य होते. पुढे गोऱ्या नटांनी तोंडाला काळे फासून केलेल्या खेळांतून ते थट्टेचा विषय झाले आणि मग अमेरिकेचे 'आपले' वाद्य म्हणून मिरवू लागले. आपल्या बेंजोला ना कातडे, ना दांडी. दोघांत समान आहे तो फक्त आवाजाचा स्वभाव: टणक, लखलखीत आणि पटकन विझणारा. माझ्या मते हे नाव आकारावरून पडलेले नाही, ते कानाने दिलेले आहे. आफ्रिकी नाव, जपानी शरीर, टंकलेखन यंत्राच्या कळा आणि कोळी-कोकणी ठेका, अशा वाद्याला 'आपले' म्हणायचे की 'परके', हा प्रश्न विचारणाऱ्याने आधी 'आपले' या शब्दाचा अर्थ तपासलेला बरा.

२

बेंजोच्या विजेची कथा मात्र प्रशांत महासागरातल्या एका बेटावर सुरू होते, आणि तिचा नायक आणखी एक छोटे तंतुवाद्य आहे. ऑगस्ट १८७९ मध्ये 'रेवन्सक्रॅग' नावाचे जहाज होनोलुलूला लागले. त्यात पोर्तुगालच्या मदेइरा बेटावरून उसाच्या मळ्यांत मजुरी करायला आलेली चारशेहून अधिक माणसे होती. त्यांच्याबरोबर 'माचेते' नावाचे चार तारांचे लहानसे वाद्य आले. मानुएल नुनेस, आउगुस्तो दियास आणि जुझे दु एस्पिरितु सांतु हे तिघे सुतारकाम जाणणारे कारागीर त्याच जहाजावर होते. करार संपल्यावर त्यांनी होनोलुलूत वाद्ये बनवायला घेतली, आणि माचेतेचे उकुलेले झाले. हवाईच्या कालाकाउआ राजाने त्याला दरबारात स्थान दिले. १९१५ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या जागतिक प्रदर्शनात हवाईयन संगीताने अमेरिकेला वेड लावले. उकुलेलेच्या इतिहासाची पहिली ओळ राजाची नाही, मळ्यातल्या मजुराची आहे, हे ध्यानात ठेवावे.

या हवाईयन वेडातूनच तारवाद्याला वीज मिळाली. नृत्यगृहांतल्या पितळी वाद्यांच्या गदारोळात मांडीवर आडवी ठेवून वाजवायची हवाईयन गिटार ऐकूच येत नसे. त्यावर उपाय म्हणून जॉर्ज बोशॅम्प आणि ॲडॉल्फ रिकनबॅकर यांनी १९३१-३२ च्या सुमारास चुंबकीय पिकअप बसवलेली, आकारामुळे 'फ्राइंग पॅन' म्हणून ओळखली गेलेली गिटार बाजारात आणली. बाजारात यशस्वी ठरलेली ही पहिली विद्युत गिटार, आणि ती हवाईयन पद्धतीने वाजवण्यासाठीच बनवलेली होती.

हे वारे भारतातही आले. सामोआत जन्मलेले हवाईयन वादक ताउ मो यांनी १९४०च्या दशकात कलकत्त्यात मुक्काम केला; पुढे हवाईयन गिटार बंगालच्या घराघरांत आणि मुंबईच्या चित्रपटसंगीतात शिरली. व्हॅन शिपले यांच्या विद्युत गिटारीवरच्या चित्रपटगीतांच्या ध्वनिमुद्रिका लोकप्रिय झाल्या. ब्रिजभूषण काबरा यांनी त्याच गिटारीवर राग वाजवला. १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या ध्वनिमुद्रिकेत संतूर आणि बासरीच्या जोडीला ती ऐकू येते. तारेचा आवाज विजेने मोठा होतो आणि मोठा होताना बदलतो, हे भारतीय कानाला अशा वाटांनी कळले.

३

आता यंत्रणेकडे वळू. चुंबकाभोवती तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे दिले, आणि त्याच्यासमोर पोलादी तार थरथरली, की वेटोळ्यात वीज निर्माण होते. फॅरेडेने १८३१ साली दाखवलेले हे तत्त्व पिंपरी-चिंचवडच्या माणसाला पुस्तकातून शिकावे लागत नाही. आकुर्डीत वर्षानुवर्षे तयार झालेल्या स्कूटरच्या मॅग्नेटोत चुंबक फिरते आणि वेटोळे स्थिर असते; पिकअपमध्ये दोन्ही स्थिर असतात आणि तार हलते. फरक एवढाच.

बेंजोच्या तारा पोलादी असल्याने त्याला चुंबकीय पिकअप चालतो, आणि म्हणून गिटारीसाठी बनवलेली सगळी उपकरणे त्याला थेट लावता येतात. उकुलेलेची अडचण इथेच आहे. त्याच्या तारा नायलॉनच्या किंवा तत्सम द्रव्याच्या. चुंबकाला त्या दिसतच नाहीत. त्याला पिएझो पिकअप लागतो. दाब पडला की वीज देणारा स्फटिक तारांच्या घोडीखाली बसवायचा. १८८० साली क्युरी बंधूंनी शोधलेल्या गुणधर्मावर तो चालतो. पण हा स्फटिक फार नाजूक संदेश देतो. तो सरळ साध्या पेडलमध्ये घातला तर आवाज पातळ, पत्र्यासारखा होतो. आधी एक मेगाओहम किंवा त्याहून जास्त इंपीडन्स असलेला प्रीॲम्प लागतो. उकुलेलेचा पेडलबोर्ड मांडणारा म्हणून पहिली डबी प्रीॲम्पची ठेवतो, घुमू लागणारी खालची कंपने तिथेच छाटतो आणि साखळीच्या शेवटी गिटारीच्या ॲम्प्लिफायरऐवजी सरळ मिक्सरला जातो. बेंजोवाल्याला हा फेरा पडत नाही.

त्यानंतरची मांडणी दोघांचीही सारखीच. आधी सूर तपासणारा ट्यूनर; मग आवाजाचे चढउतार आवळणारा काँप्रेसर; मग आवाज फाडणारा ओव्हरड्राइव्ह किंवा डिस्टॉर्शन; मग एका आवाजाचे अनेक भासवणारा कोरस; शेवटी पडसाद देणारा डिले आणि दालनाचा भास देणारा रिव्हर्ब. हा क्रम म्हणजे वाक्यरचनाच आहे. फाटलेल्या आवाजाचा पडसाद घेतला तर प्रत्येक पडसाद वेगळा, स्पष्ट ऐकू येतो. क्रम उलटा केला तर पडसाद एकमेकांत मिसळतात आणि तो गाळ मग फाडला जातो. शब्द तेच, अन्वय बिघडला की अर्थ बुडाला. डिलेची वेळही लयीला बांधावी लागते. मिनिटाला १२० मात्रांची लय असेल तर दोन मात्रांमधले अंतर ५०० मिलिसेकंद. पडसाद त्या मापाचा किंवा त्याच्या निमपटीचा ठेवला तरच तो ठेक्याला मदत करतो.

पण बेंजोला हे सारे हवे कशाला? उत्तर त्याच्या जपानी शरीरात आहे. कळांमुळे स्वर पक्के बांधलेले, आणि छेडलेली तार क्षणात विझणारी. मराठी गाण्याला लागणारा लांबलेला, रेंगाळणारा स्वर या वाद्याकडे मुळात नाही. काँप्रेसर विझणाऱ्या स्वराला उचलून धरतो, डिस्टॉर्शन त्यात उपस्वर भरून तो जाड करतो, डिले तो विझल्यावरही त्याची आठवण ठेवतो. इफेक्टला इथे केवळ अलंकार म्हणणे अपुरे आहे. वाद्याच्या व्याकरणात जी विभक्ती नव्हती, ती त्याने पुरवली.

या उपकरणांचा इतिहासही बोलका आहे. १९६०-६१ च्या सुमारास नॅशव्हिलच्या एका ध्वनिमुद्रणात यंत्राच्या बिघाडामुळे बास गिटारीचा आवाज फाटला. तो तसाच ठेवला गेला, लोकांना आवडला, आणि १९६२ मध्ये तोच बिघाड मुद्दाम निर्माण करणारी 'माएस्ट्रो फझ-टोन' नावाची पायपेटी विक्रीला आली. १९७४ मध्ये रोलंड या जपानी कंपनीचा फितीवर चालणारा 'स्पेस एको' आला. १९७७ पासून तिच्याच बॉस या शाखेने तळहाताएवढ्या डब्या काढल्या. १९९०च्या दशकात एकाच पेटीत डझनावारी इफेक्ट देणारे स्वस्त डिजिटल संच आले, ज्यांना आपल्याकडे सरसकट 'प्रोसेसर' म्हणतात. बेंजोवादकाच्या पायाशी किंवा शेजारी स्टुलावर असतो तो हाच.

फाटलेल्या आवाजाविषयीची नाराजी मराठीच्या अभ्यासकाला ओळखीची वाटावी. पतंजलीने शुद्ध शब्दापासून ढळलेल्या रूपांना 'अपभ्रंश' म्हटले, ते दोष दाखवण्यासाठी. पुढे तेच नाव एका भाषावस्थेचे झाले, आणि आजच्या मराठीची वाट त्या अवस्थेतून गेली आहे. दोष म्हणून हिणवलेली गोष्ट कालांतराने भाषा होते. डिस्टॉर्शनचे आणि बेंजोचे तसेच झाले.

४

हा सारा पट पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यावर ठेवून पाहिला तर त्याला वेगळा अर्थ येतो. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आले, आणि त्याच दशकात टेल्को व बजाज यांच्यासारखे मोठे कारखाने इथे उभे राहिले. १९७० मध्ये पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी ही गावे मिळून नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महानगरपालिका. पुढे उद्योग उत्तरेला चाकणकडे सरकले. फोक्सवागनचा कारखाना २००९ मध्ये सुरू झाला. या कारखान्यांसाठी मराठवाड्यातून, कोकणातून, सातारा-सोलापुराकडून आणि परप्रांतांतून माणसे आली. त्याआधी फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांनी पिंपरी कॅम्प वसवला होता. तिथल्या कराची चौकाचे नाव ती आठवण अजून सांगते.

चिंचवड तर मोरया गोसावींचे गाव. 'मोरया' हा विसर्जनाचा घोष त्यांच्या नावाशी जोडला जातो. चिंचवडच्या चापेकर चौकातून आणि पिंपरीच्या कराची चौकातून जाणाऱ्या मिरवणुका म्हणजे या नव्या शहराने स्वतःला ऐकण्याची जागा. वेगवेगळ्या गावांहून आलेल्या, तीन पाळ्यांत विभागलेल्या माणसांना एकत्र एका ठेक्यावर आणणारे संगीत कोणते असू शकते? ज्याला गुरू लागत नाही, जे पाळी संपल्यावर शिकता येते, ज्यावर कोळीगीत, भीमगीत, चित्रपटगीत आणि आरती सारख्याच सहजतेने वाजते, आणि जे ढोल-ताशाच्या गजरातही ऐकू जाते. बेंजो या सगळ्या अटी पुऱ्या करतो, आणि शेवटची अट तो केवळ विजेच्या जोरावर पुरी करतो. होनोलुलूच्या मळ्यात जे माचेतेने केले, ते इथे वेगळ्या काळात बेंजोने केले. दुसऱ्याने आखलेल्या नकाशावरून सुटे भाग घडवणाऱ्या लघुउद्योगांच्या या पट्ट्यात परक्या सुट्या भागांतून जुळवलेले वाद्य कोणाला परके वाटू नये, हेही साहजिकच.

जानेवारी २०१६ मध्ये पिंपरी-चिंचवडला एकोणनव्वदावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन श्रीपाल सबनीस यांच्या अध्यक्षतेखाली भरले. त्याच वर्षी सप्टेंबरात रवी जाधव यांचा 'बँजो' हा हिंदी चित्रपट आला. मुंबईच्या वस्तीतला बेंजोवादक रितेश देशमुख यांनी त्यात रंगवला होता. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही. तरीही एका वर्षात त्या शेजारी ठेवल्या की एक उणीव उघड होते. हे वाद्य मोठ्या पडद्यावर नायकाच्या हाती पोचले, पण मराठी निबंधाने, चरित्राने, समीक्षेने त्याची गंभीर दखल क्वचितच घेतली. कामगारसाहित्याची चर्चा करणाऱ्या आपल्या वर्गांत कामगाराच्या कवितेला जागा मिळाली, त्याच्या वाद्याला मिळाली नाही.

याला 'ते अस्सल नाही' असे उत्तर येते. हे उत्तर आपण पूर्वी एकदा देऊन बसलो आहोत. मराठी रंगभूमीने ऑर्गन आणि हार्मोनियम आपलेसे केले, गोविंदराव टेंबे यांच्यासारख्यांनी पेटीला प्रतिष्ठा दिली. तरी १९४० मध्ये आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली. कारण तेच: पक्के बांधलेले स्वर, परदेशी मूळ, मींड नाही. ती बंदी सैल व्हायला १९७१ उजाडले. मधल्या तीन दशकांत पेटी देवळांत, तमाशात आणि शाळांत वाजतच होती. बेंजोवर कोणी बंदी घातली नाही. त्याची नोंदच घेतली नाही. बंदीची निदान तारीख तरी लिहून ठेवावी लागते.

५

मात्र या इतिहासाला एक बोचरी बाजू आहे, आणि ती झाकून बेंजोचा गौरव करणे खोटेपणाचे होईल. ज्या ध्वनिवर्धकाने या छोट्या वाद्याला रस्त्यावर आवाज दिला, त्यानेच त्याच्या वादकाची जागाही धोक्यात आणली. एकदा पिकअप, मिक्सर, ॲम्प्लिफायर आणि स्पीकरची साखळी उभी राहिली, की तिच्या तोंडाशी जिवंत तार असलीच पाहिजे असे नाही. तिथे ध्वनिमुद्रित गाणे जोडले तरी साखळी चालते. त्यालाच आपण 'डीजे' म्हणतो. बेंजोवाला, ढोलकीवाला, कीबोर्डवाला यांना द्यावे लागणारे पैसे वाचतात आणि स्पीकरची भिंत आणखी उंच करता येते. यंत्राने माणसाचे काम वाढवावे आणि मग माणसालाच वगळावे, हा अनुभव या औद्योगिक पट्ट्याला नवा नाही.

आणि त्या भिंतीचा त्रास खरा आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. सार्वजनिक जागेच्या सीमेवर ध्वनिवर्धकाचा आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबल जास्त किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी असेल त्यापुढे जाऊ नये. रात्री १० ते सकाळी ६ मोकळ्या जागेत ध्वनिवर्धक बंद. काही सणांसाठी, वर्षातून पंधरा दिवसांपर्यंत, मध्यरात्रीपर्यंतची सवलत राज्य सरकार देऊ शकते. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे बंधन उचलून धरताना सांगितलेला मुद्दा मोलाचा आहे: बोलण्याच्या स्वातंत्र्यात दुसऱ्याला ऐकायला भाग पाडण्याचा हक्क येत नाही. रुग्ण, तान्ही मुले, म्हातारी माणसे आणि रात्रपाळी करून दिवसा झोपणारा कामगार यांच्या बाजूने उभा असलेला हा नियम आहे.

पण नियम डेसिबल मोजतो, माणूस मोजत नाही. त्याच्या मापकाला पेनड्राइव्हवरचे गाणे आणि कळांवर चालणारी बोटे यांत फरक कळत नाही, आणि कळावा अशी अपेक्षाही चूक आहे. तो फरक करण्याचे काम नियमाचे नाही, संस्कृतीचे आहे. म्हणजे मंडळांचे, श्रोत्यांचे, आणि लिहिणाऱ्यांचेही. मिरवणुकीच्या खर्चात किती वाटा स्पीकरला आणि किती वादकाला जातो, हा प्रश्न मंडळाच्या बैठकीत विचारता येतो. बेंजोला ऐकू येण्यापुरती वीज लागते, भिंत हादरवण्याइतकी नाही. आवाज मर्यादेत ठेवला तर तोटा होतो तो भिंतीचा. जिवंत वादकाला उलट त्या मर्यादेतच पुन्हा जागा मिळू शकते, कारण मोठेपणा संपला की कसबाचा हिशेब सुरू होतो.

साहित्याच्या विद्यार्थ्याने यात काय करावे? निदान शब्द गोळा करावेत. बेंजोवाले पिकअपला, पडसादाला, फाटलेल्या आवाजाला काय म्हणतात, कोणता इफेक्ट कोणत्या गाण्याला लावतात आणि का, सूर कसा जुळवतात, कोणाकडून शिकले. एका पिढीची ही परिभाषा कोणत्याही कोशात नाही, आणि ती बोलणारी माणसे आज कामावर आहेत, उद्या नसतील. घराणे नसलेल्या वादकांचा इतिहास त्यांच्या बोलीतच साठलेला असतो. तो लिहून काढायला विद्युत अभियांत्रिकी यावी लागत नाही. ऐकायची तयारी लागते, आणि ती तयारी हाच तर आपला विषय आहे.